हीटर कोणता, असं तुम्ही विचारलंत म्हणून

बाहेर उणे वीस असलं, की घरी आलेला माणूस कोट खुंटीला अडकवता अडकवता हेच विचारतो : "घर काय छान उबदार आहे हो. हीटर कोणता बसवलात?" फोनवरही तेच. नवं घर बांधायला निघालेले विचारतात, जुनं घेऊन पस्तावलेले विचारतात. मी यंत्राचं नाव सांगते, ते लिहून घेतात, आणि फोन ठेवल्यावर मला चुटपुट लागते, की आपण यांना अर्धवट उत्तर देऊन वाटेला लावलं. कारण ती ऊब त्या यंत्राची नाही. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते. जरा लांबेल.

आम्ही हे घर घेतलं तेव्हा तळघरात २५ किलोवॅटची भलीमोठी भट्टी होती. धडधडत सुरू व्हायची, दहा मिनिटं गरम हवेचे झोत सोडायची आणि बंद पडायची. ती बंद झाली की पाच मिनिटांत पाय गार. थर्मोस्टॅट २३ वर, अंगावर स्वेटर, तरी सोफ्यावर बसलं की पाठीमागून कुणीतरी फुंकर घालतंय असं वाटायचं. मी सरळ निष्कर्ष काढला : भट्टी कमी पडते, मोठी हवी. तुम्हीही आत्ता तेच म्हणत असाल.

छपराच्या कडेला त्या वर्षी बर्फाचे सुळे लटकले होते, काही तर माझ्या उंचीचे. आम्ही त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढले. शेजारच्या घराला एकही सुळा नव्हता, तेव्हा त्यांची थोडी कीवही आली होती! नंतर कळलं की तो आमच्या पैशांचा धबधबा होता. घरातली उष्णता माळ्यावर जाते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी ओघळत कडेशी येतं, तिथे छप्पर गार असतं म्हणून पुन्हा गोठतं. शेजाऱ्यांचा बर्फ जसाच्या तसा पांढराशुभ्र पडून होता, कारण त्यांची ऊब घरातच होती.

मग हिवाळा सरता सरता, स्वच्छ उन्हाच्या एका दिवशी, न्हाणीघराबाहेरच्या छताला पिवळा डाग दिसला. पाऊस नाही, वादळ नाही, तरी टपटप. छप्पर गळतंय म्हणून माणूस बोलावला, त्याने बराचसा भाग उसकटून नवा केला, पैसे घेतले. पुढच्या हिवाळ्याअखेर डाग पुन्हा हजर, जरा मोठा होऊन. तेव्हा मात्र मीच विजेरी घेऊन माळ्यावर चढले.

ते दृश्य मी विसरणार नाही. छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या खिळ्यांची टोकं पांढरी झाली होती. शेकडो खिळे, प्रत्येकाच्या टोकाला हिमाचा गोंडा. फळ्यांवरही हिमाची साय. न्हाणीघरातल्या पंख्याची नळी बाहेर जायच्या ऐवजी माळ्यातच उघडी सोडलेली होती. म्हणजे आमच्या अंघोळीची वाफ, श्वास, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे, यांतलं कितीतरी पाणी थंडीभर वर जाऊन गोठत होतं आणि ऊन तापलं की एकदम खाली येत होतं. छप्पर कधी गळलंच नव्हतं. खालून वर गळत होतं घर.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पाहिली, जी कुठलंही उपकरण न घेता तुम्हीही पाहू शकता. माळ्यावर इन्सुलेशन म्हणून, म्हणजे उष्णता अडवायला, अंथरलेलं ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) बहुतेक ठिकाणी पिवळं होतं, पण काही जागी काळंकुट्ट. आधी उंदीर वाटले. तो धुळीचा थर होता. ग्लासवूल हवा अडवत नाही, फक्त गाळतं. जिथून वर्षानुवर्षं हवा वर गेली तिथे त्याने तिच्यातली धूळ धरून ठेवली. काळा डाग उचलला की खाली फट सापडतेच. वायरींची भोकं, सांडपाण्याच्या पाइपाभोवतीची पोकळी, छतात बसवलेले दिवे, माळ्यावर चढायची झडप, धुराड्याभोवती तर हात जाईल एवढी मोकळी जागा.

याचं कारण अगदी साधं आहे. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि वरच्या फटींतून निघून जाते. जेवढी जाते तेवढीच गार हवा खालच्या फटींतून आत ओढली जाते. सगळं घर एक धुराडं होतं. माझ्या पाठीवरची फुंकर खिडकीतून येत असेल असं मी समजत होते. तिला ओढणारं भोक दोन मजले वर होतं. आणि घर जितकं जास्त तापवाल, आतबाहेरच्या तापमानातला फरक जितका जास्त, तितकी ही ओढही जास्त. मोठी भट्टी घेतली असती तर काय झालं असतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

ही चूक फक्त आमच्यासारख्यांची नाही, याचं मला समाधान वाटतं. १९७० च्या दशकात, तेल महाग झाल्यावर, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत घरांचा अभ्यास केला होता. माळ्यावाटे जाणारी उष्णता त्यांच्या हिशेबापेक्षा कित्येक पटींनी जास्त भरत होती. त्यांच्यातल्या गौतम दत्त यांनी माळ्यावरचं इन्सुलेशन उचलून पाहिलं तेव्हा खाली लपलेल्या वाटा सापडल्या. कागदावरचं गणित बरोबर होतं; घराला भोकं असतील हे गणितात नव्हतं.

आम्ही मग ब्लोअर डोअर चाचणी करून घेतली. दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात आणि घरातली हवा बाहेर खेचून आतला दाब ५० पास्कलनी कमी करतात. ताशी साधारण ३३ किलोमीटरच्या वाऱ्याचा मारा चारी बाजूंनी एकदम झाल्यासारखं समजा. तेवढ्या दाबाखाली ताशी किती वेळा घरातली सगळी हवा बदलते, तो आकडा. आमचा ९ आला. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये १९९१ साली पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे तापवायला अगदी थोडी ऊर्जा लागणारं घर, राहतं झालं; अशा घरांच्या मानकात या आकड्याची मर्यादा ०.६ आहे. साडेतीनशे घनमीटरच्या आमच्या घरात ९ म्हणजे भिंतीत चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरची खिडकी रात्रंदिवस सताड उघडी. मी घरी बसून हिशेब केला. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला ०.३३ वॅट-तास लागतात. रोजच्या गळतीचा अंदाज म्हणून चाचणीचा आकडा विसाने भागतात. बाहेर उणे वीस असताना आमची सुमारे २ किलोवॅट उष्णता नुसती हवेबरोबर जात होती. एक खोली तापवणारा हीटर अंगणात लावून ठेवल्यासारखं.

पंखा चालू असताना हातात उदबत्ती घेऊन घरभर हिंडा, ही माझी सर्वांना शिफारस. धूर कुठे तिरका होतो ते पाहत जायचं. खिडक्यांपाशी तो जरासा हलला. विजेच्या बोर्डापाशी बऱ्यापैकी. तळघरात, भिंतीच्या डोक्यावर जिथे जमिनीच्या तुळया टेकतात त्या पट्टीपाशी, उदबत्ती विझलीच.

दोन शनिवार-रविवार आम्ही माळ्यावर पोटावर सरपटत काढले. फोम, सीलंट, धुराड्याभोवती पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट (तिथे फोम चालत नाही), झडपेला रबराची पट्टी, पंख्याची नळी छपराबाहेर. नंतर तळघरातली ती पट्टी. खर्च असा काही नाही. गुडघे आणि नाक यांची मात्र वाट लागते, चांगला मास्क लावा. पुन्हा चाचणी केली तेव्हा आकडा ४ च्या खाली आला होता, आणि अजून आम्ही इन्सुलेशनचा एक कणही वाढवला नव्हता. पुढे भिंतींचं काम झालं तेव्हा तो २.१ वर आला.

इन्सुलेशन त्यानंतर. हा क्रम उलटा केलात तर फटी कायमच्या गाडल्या जातात आणि वरचं सगळं पुन्हा उचलायची वेळ येते. किती जाड, हे नेहमी विचारलं जातं. सेल्युलोज (कागदाचा भुगा) किंवा ग्लासवूलसारखा माल धरा, आतबाहेर ३० अंशांचा फरक आणि १०० चौरस मीटरचा माळा धरा. १० सेंटिमीटर जाडीतून अंदाजे १२०० वॅट जातात, २० मधून ६००, ४० मधून ३००. दर वेळी जाडी दुप्पट, पण वाचतं ते आधीच्या निम्मं. पहिले वीस सेंटिमीटर सोन्यासारखे. साठच्या पुढचे हौसेचे. माळ्यावर जागा फुकट असते म्हणून आम्ही चाळीसपर्यंत गेलो. भिंतीत मात्र एकेक सेंटिमीटर भांडून मिळवावा लागतो.

भिंतींबाबत घाई करू नका. २० अंश आणि ५० टक्के दमट हवा ९ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की तिचं दव होतं. आतून इन्सुलेशन लावलं की त्यामागची मूळ भिंत आणखी गार होते, आणि एखाद्या फटीतून घरातली हवा तिथवर पोचली तर ओल तिथेच धरते, दिसत नाही, लाकूड कुजल्यावर वास येतो. बाहेरून इन्सुलेशनचा कोट चढवता आला तर भिंत उबेत राहते. आम्ही बाहेरून केलं, तेही बाहेरचं आवरण बदलायची वेळ आली तेव्हाच. नुसत्या इन्सुलेशनसाठी ते उखडणं मला परवडलं नसतं.

खिडक्यांविषयी बोलताना मी थोडी आखडते, कारण विकणाऱ्यांचा सगळा भर त्यांच्यावर असतो. एका काचेच्या खिडकीतून प्रत्येक चौरस मीटरला प्रत्येक अंशामागे साडेपाच वॅटच्या वर जातात, चांगल्या तीन काचांच्या खिडकीतून एकाच्याही आत. फरक मोठाच आहे. पण खिडक्या भिंतींच्या मानाने थोड्या, आणि खर्च सगळ्यांत जास्त. एका काचेच्या असतील तर बदला. धड दोन काचांच्या असतील तर कडांचं रबर बदला आणि गप्प बसा.

हवा कोंडेल ना, हा तुमचा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी योग्य आहे. कोंडते. आधी घर फटींतून श्वास घेत होतं, पण वाऱ्याच्या मर्जीने : उणे पंचवीसला धापा टाकल्यासारखा, वसंतात अजिबात नाही. आता आमच्याकडे हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर आहे. जाणारी आणि येणारी हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी सरकते, मिसळत नाही, पण ऊब या हवेची त्या हवेला मिळते. चांगल्या यंत्रात तीन चतुर्थांशाहून जास्त. जाळ्या दर तीन महिन्यांनी धुवाव्या लागतात. मी एकदा विसरले होते. खिडक्यांवर पाणी धरलं तेव्हा आठवण झाली.

एक गोष्ट मात्र दटावून सांगते. घर हवाबंद केलंत आणि आत गॅसचा बंब किंवा चुलाणं असेल, धूर धुराड्यातून आपोआप वर जाणारं, तर ते तपासून घेतल्याशिवाय झोपू नका. आमच्याकडे स्वयंपाकघराचा पंखा पूर्ण वेगाने लावला की बंबाचा धूर वर जायचा सोडून तळघरात उतरत होता. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता म्हणून कळलं. बंब विजेचा केला. जमिनीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायूही फटी बुजवल्यावर एकदा मोजून घ्या.

नवं बांधणाऱ्यांचं काम सोपं, त्यांनी कागदावर असतानाच या गोष्टी ठरवाव्यात. साधा चौकोनी आकार. प्रत्येक कोनाडा आणि प्रत्येक बाहेर काढलेली खिडकी म्हणजे आणखी भिंत आणि आणखी सांधे. काँक्रीटचा सज्जा आतल्या स्लॅबला जोडलेला नको, तो आतली उष्णता सतत बाहेर वाहून नेतो. कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ साली हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक घर बांधलं : जाड दुहेरी भिंती, काटेकोर हवाबंद, हवेतली उष्णता परत मिळवणारं यंत्र, आणि भट्टी नाहीच. रेजायनाच्या थंडीत! त्यावर बसवलेली महागडी सौरयंत्रणा पुढे काढून टाकावी लागली. भिंती आणि हवाबंदपणा मात्र उपयोगी ठरला, आणि नंतरच्या लोकांनी उचलला तोही तेवढाच.

आता तुमचा मूळ प्रश्न. भट्टी आम्ही सगळ्यांत शेवटी काढली. तोवर तिचं काम उरलंच नव्हतं. ती दोन मिनिटं चालून बंद व्हायची. विकणाऱ्याने जुन्या भट्टीवरचा आकडा पाहून १६ किलोवॅटचा हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब खेचून आत आणणारं विजेचं यंत्र) सुचवला. आम्ही घराचा उष्णताभार, म्हणजे घर उबदार ठेवायला किती उष्णता लागते ते, मोजून घेतला : सर्वांत थंड रात्रीसाठी ७ किलोवॅट. म्हणून ८ चा घेतला, उणे २५ पर्यंत चालणारा. बाहेर सात-आठ अंश असतात तेव्हा एका युनिट विजेत तो तीनहून अधिक युनिट ऊब देतो, उणे १५ ला दोनच्या आसपास. तरी कुठल्याही साध्या विजेच्या हीटरच्या दुप्पट. थर्मोस्टॅट आता २० वर असतो, आणि तो २३ पेक्षा उबदार वाटतो, कारण भिंती गार नाहीत. गार भिंत शेजारी असली की हवा कितीही तापवा, अंगातली उष्णता तिकडे जातेच.

बर्फाचे सुळे आता येत नाहीत. मागच्या दाराचा उंबरा तेवढा राहिलाय. उत्तरेचा वारा सुटला की तिथे उदबत्तीचा धूर अजून तिरका होतो. या उन्हाळ्यात बघू.