खिसा पाहिजे होता, एवढंच

पाच मीटरचा टेप, मोबाइल, दोन पेन्सिली, एक मार्कर आणि गाडीची किल्ली. बांधकामाच्या साइटवर एवढं सामान माझ्या अंगावर असतं आणि लेडीज पँटच्या खिशात त्यातली फक्त किल्ली मावते. खाली बसलं की तीही बाहेर डोकावते. मागच्या मे महिन्यात नागपूरच्या बेसा भागातल्या साइटवर स्लॅबची सळई तपासताना फोन खिशातून सटकला आणि बीमच्या सळईत पार तळाशी जाऊन बसला. दोन पोट्ट्यांनी बाइंडिंग वायरचा आकडा करून काढला तो. वरून ऊन ४५ चं. त्या दिवशी ठरवलं, आता पँट शिवूनच घ्यायची.

ठरवलं खरं, पण शिवणार कोण? लेडीज टेलर पँट शिवत नाही आणि जेंट्स टेलर बाईचं माप घेत नाही. खामल्यात आमच्या घरामागे एक मास्टरजी आहेत, बाबांच्या पँटी वर्षानुवर्षं तेच शिवतात. त्यांच्याकडे गेले तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "लेडीजचं माप आपण नाही घेत जी." धरमपेठेतल्या एका बुटिकवालीनं 'सिगरेट पँट की पलाझो' एवढंच विचारलं. खिशाचं काढल्यावर म्हणाली, "साइडला एक देऊन देऊ ना, मोबाइलपुरता."

म्हणून मग ऑनलाइन, मापानं शिवून देणारी कंपनी. पँटबरोबर शर्टही तिथूनच घ्यायचं ठरवलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात निम्मी चूक माझी आहे. त्यांच्याकडे बायकांचाही विभाग होता, पण त्यात सगळे शर्ट अंगाला चिकटणारे, एसीत बसणाऱ्या बाईसाठी काढलेले. मी सरळ पुरुषांच्या विभागात शिरले.

पहिले दोन दिवस कापडातच गेले. आमच्या घरी 'काउंट' हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, कारण आजोबा एम्प्रेस मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल. आता तिच्या जागेवर मॉल उभा आहे आणि आजोबांची आठवण काढायला आम्ही तिथे पार्किंगचे पैसे भरून जातो. तर काउंट म्हणजे काय, एका पौंड कापसातून ८४० यार्डाच्या किती लडी निघतात तो आकडा. ६० लडी निघाल्या तर ६० काउंट, १०० निघाल्या तर १००. आकडा वाढला की सूत बारीक आणि कापड महाग. वेबसाइटवर १०० काउंटचं पॉपलिन असं काही सजवून दाखवलं होतं की हात आपोआप तिकडेच जावा. मी आधी २०० रुपये भरून नमुन्याचे तुकडे मागवले. १०० वाला तुकडा तळहातावर ठेवला तर खालून हातावरच्या रेषा दिसत होत्या. लग्नात घालायला ठीक आहे. सळईच्या टोकाला अडकला तर टरकन फाटेल.

लिननच्या तुकड्यावर '६० ली' लिहिलेलं. मला आधी वाटलं, म्हणजे ६० काउंटच. पण लिननची मोजणी वेगळी असते, तिथे लड ३०० यार्डाची धरतात. म्हणजे ६० लीचं लिननचं सूत तेवढ्याच लांबीच्या ६० काउंटच्या सुती धाग्यापेक्षा वजनाला जवळजवळ तिप्पट. हा फरक माहीत नसेल तर दोन आकडे शेजारी ठेवून माणूस हमखास फसतो.

मग मी तुकड्यांवर बॉलपेननं पाच पाच सेंटिमीटरच्या रेघा मारल्या आणि तीन दिवस ते बाकीच्या कपड्यांबरोबर धुतले. आई म्हणाली, "काय करून राहिली वं तू? तुकडे काऊन धुतेस?" लिननची रेघ ४.८ वर आली. चार टक्के! ३८ इंच उंचीच्या पँटचा दीड इंच धुण्यातच जाणार, म्हणजे घोट्याच्या वर. पॉपलिनची रेघ जागची हलली नाही. शर्टासाठी ६० काउंटचं पॉपलिन घेतलं, बारीक निळी चौकडी. साधा राखाडी मुद्दाम टाळला, त्याच्यावर घाम सगळ्यात जास्त दिसतो आणि धूळही लपत नाही. पँटसाठी सुती ट्विल, दोन टक्के लायक्रावालं.

आता माप. मी रोज कॉलम मोजते, पाच मिलिमीटरचा फरक निघाला तर ठेकेदाराशी भांडते. स्वतःचं माप घेताना मात्र टेप पाठीमागून कधी खाली सरकतो ते कळतच नाही. आईनं एकेकाळी शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवलेत. ती म्हणाली, अंगावर घेऊ नको, नीट बसणारा एखादा शर्ट आण. तो पलंगावर पसरला, बटणं लावली, सुरकुत्या हातानं काढल्या आणि बगलेपासून बगलेपर्यंत मोजलं. २१ इंच. दुप्पट ४२. मी 'छाती' लिहिलेल्या चौकोनात ४२ भरलं. कफवर स्वतःची आद्याक्षरं काढून घेतली, फुकट होती म्हणून.

बारा दिवसांनी शर्ट आला. खांदे अगदी बरोबर, बाही मनगटाच्या हाडावर. आणि खाली सगळा तंबू. मंडप डेकोरेशनवाल्याकडून आणल्यासारखा. मोजला तर छाती ४६.

चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की माप अंगाचं भरा, फिटप्रमाणे लूज आम्ही वाढवू. रेग्युलर फिटला ते चार इंच वाढवतात. मी भरलं होतं शर्टाचं माप, ज्यात चार इंच लूज आधीच धरलेला. म्हणजे लूजवर लूज. माझं अंगाचं माप ३८. मला स्वतःचाच राग आला, कारण साइटवर नव्या पोरांना मी हाच धडा देते. ड्रॉइंगवर अंतर लिहिलं असेल तर आधी विचार, क्लिअर आहे, म्हणजे मधली मोकळी जागा, की सेंटर टू सेंटर? आणि इथे मी न विचारता टेप लावून मोकळी. माप चुकलं तर पहिला शर्ट बदलून देऊ, असा त्यांचा नियम होता, पण ग्राहकानं चुकीचं भरलं तर नाही. चॅटवरच्या मुलानं तीनदा सॉरी म्हटलं, पैसे मात्र गेले. तो शर्ट आता बाबा घालतात. सकाळी दूध आणायला जातात तेव्हा त्यांच्या मनगटावर माझी आद्याक्षरं असतात.

दुसऱ्या वेळी अंगाचं माप भरलं, टेपखाली दोन बोटं ठेवून. पुरुषी शर्टाची बायकांना आणखी एक अडचण असते. त्यांची बटणं साधारण साडेतीन इंचांवर असतात आणि छातीचा सगळ्यात भरलेला भाग नेमका दोन बटणांच्या मधे येतो. मग तिथे फट पडते आणि आपण दिवसभर पिन शोधत फिरतो. त्यांच्या फॉर्ममध्ये समोरचे टक्स नव्हतेच. मी सूचनेच्या रकान्यात लिहिलं की खांद्याच्या शिवणीपासून साडेदहा इंचांवर एक बटण पाहिजेच, बाकीची तिथून वर-खाली तीन-तीन इंचांवर. वाटलं होतं कोणी वाचणार नाही. वाचलं! तो शर्ट आजतागायत माझा सगळ्यात चांगला शर्ट आहे. पाठीमागून कमरेत घेण्याचा पर्याय होता, तो घेतला नाही. उन्हात वारा कुठून तरी शिरायला हवा.

पँटचं खरं दुखणं आसन, म्हणजे पायांमधलं माप. पुढच्या पट्टीपासून पायांमधून मागच्या पट्टीपर्यंत टेप घ्यायचा. पण पट्टी कुठे, बेंबीवर की खाली? एक इंच वर-खाली झालं की सगळं बिघडतं. आईनं परकराची नाडी आणली, मला पँट जिथे हवी तिथे कमरेला बांधली आणि नाडीपासून नाडीपर्यंत मोजलं. २७. हे कुठल्याच माप-व्हिडिओत नव्हतं.

पँट आली आणि खिशात हात मनगटाच्याही वरपर्यंत गेला. टेप गेला, फोन गेला, वर जागा उरली. मी घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या.

घोळ कंबरेत झाला, आणि तोही माझ्या हुशारीनं. पुरुषी कटिंगला बायकांच्या कमरेत मागे फट पडते हे ऐकून होते, म्हणून मी कंबर अर्धा इंच कमीच भरली होती. त्यात माप घेतलेलं सकाळी, उभ्यानं, चहाच्या आधी. साइटवर दुपारी डबा खाऊन मेजरमेंट बुक लिहायला बसले तर श्वास घेणं मुश्किल. बसल्यावर कंबर इंच-दीड इंच वाढते, हे कुठल्या चौकोनात भरणार?

ढिली करायची म्हणून मास्टरजींकडेच नेली. दुरुस्ती ते करतात, माप घ्यायचं नसतं ना. त्यांनी पँट उलटी केली, मागची शिवण दोन बोटांत धरली, अंगठ्यानं चोळली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "माया कुठे आहे इच्यात?"

माया म्हणजे पुढे ढिलं करता यावं म्हणून शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. ती नव्हतीच. शिवणीपलीकडे जेमतेम पाव इंच कापड आणि त्यावर ओव्हरलॉक. वरून कमरेची पट्टी अखंड, मागे जोड नाही, म्हणजे उसवायची सोयच नाही. मास्टरजींनी मागे टांगलेल्या ढिगातून बाबांची दुरुस्तीला आलेली एक पँट काढली आणि तीही उलटी केली. मागे पट्टीला जोड, शिवणीच्या दोन्ही बाजूंना इंचापेक्षा जास्त कापड. त्या मायेवर जुन्या शिवणींच्या तीन रेघा दिसत होत्या, सुईच्या भोकांच्या, फिकट. एकेका रेघेत बाबांचं पोट किती वाढलं ते मोजता आलं असतं.

"हे पाहा," मास्टरजी म्हणाले, "दहा वर्षं झाली असतील इले."

माझ्या पँटला त्यांनी आतून एक हूक पुढे सरकवून दिला. पाऊण इंच मिळाला. पैसे घेतले नाहीत. मग जरा थांबून म्हणाले, "कापड घेऊन या. मायलेही सोबत आणा. टेप त्या धरतील, मी लिहून घेईन."

हे आधी सुचलं असतं तर माझे साडेचार हजार वाचले असते! पण शर्ट मी आजही ऑनलाइनच मागवते, माप एकदा बसलं की तोच नंबर पुन्हा टाकायचा. कंपनीला पँटच्या मायेबद्दल विचारून पाहिलं. चॅटवरच्या मुलाला आधी 'माया' हे कोणाचं नाव आहे असं वाटलं. समजल्यावर म्हणाला, कटिंग मशीनवर ठरलेली असते, मॅडम, बदलत नाही.

मागच्या रविवारी गांधीबागेतून सुती ड्रिल आणलं, ५८ इंच पन्ह्याचं, सव्वा मीटर. आईला घेऊन मास्टरजींकडे गेले. आईनं टेप धरला, आकडे मोठ्यानं सांगितले आणि मास्टरजी सगळा वेळ समोरच्या कॅलेंडरकडे बघत वहीत लिहीत राहिले. कंबर दोनदा घेतली, एकदा उभ्यानं, एकदा स्टुलावर बसवून. आसन सांगताना आईचा आवाज जरा खाली गेला. पायाची मोहरी साडेसात.

"खिसा किती खोल ठेवू?"

मी बॅगेतून पाच मीटरचा टेप काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.