विकत घेतलं, दिलं, बिलात लावलं: फार्मसीचे तीन आकडे

महिनाअखेरीला औषधांचा खर्च बजेटच्या वर गेला की वरून पहिला प्रश्न ठरलेला येतो: औषधं महागली का? रुग्णालय समूहाच्या फार्मसीचा व्यवहार सांभाळणाऱ्याने याला लगेच हो किंवा नाही म्हणू नये. आधी फरक फोडून बघावा. समजा एका इंजेक्शनच्या ५०० व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) २०० दराने, म्हणजे १,००,००० बजेटमध्ये धरले होते. प्रत्यक्षात ५६० व्हायल १९० दराने लागल्या, खर्च १,०६,४००. दर उतरल्यामुळे ५,६०० वाचले आणि ६० व्हायल जास्त लागल्यामुळे १२,००० वाढले. म्हणजे खरेदीवाल्यांनी आपलं काम चोख केलं, तरी खर्च ६,४०० ने चढला. आता खरा प्रश्न समोर येतो: त्या ६० व्हायल गेल्या कुठे? रुग्ण वाढले, औषध वाया गेलं, की माल कपाटात पडून आहे?

शेवटची शक्यता अनेकदा कुणाच्या लक्षातच येत नाही. खरेदी झाली त्याच महिन्यात ती खर्चात टाकायची पद्धत असेल, तर दरवाढीआधी केलेला शहाणपणाचा साठाही उधळपट्टीसारखा दिसतो. म्हणून नुसत्या खरेदीच्या आकड्यावरून कुणालाच जाब विचारू नये.

उत्तर मिळतं ते तीन आकडे शेजारी ठेवल्यावर: किती विकत घेतलं, रुग्णाला किती दिलं, बिलात किती लावलं. सगळ्या औषधांसाठी हे करत बसलात तर महिना संपेल. खर्चाच्या क्रमाने वरची ५० औषधं घ्या. रुग्णालयात थोडीच औषधं बहुतेक पैसा खातात, त्यामुळे एवढ्यात बरंचसं हाती लागतं.

एक हिशेब करून पाहू. ट्रॅस्टुझुमॅब हे कर्करोगाचं औषध, १५० मिलीग्रॅमची व्हायल. महिन्याच्या सुरुवातीला ४०, खरेदी १२०, अखेरीस प्रत्यक्ष मोजणीत ३५. म्हणजे १२५ व्हायल, अर्थात १८,७५० मिलीग्रॅम संपलं. रुग्णांना दिल्याची नोंद १६,९०० मिलीग्रॅमची आणि वाया गेल्याची १,१०० ची. बेरीज १८,०००. राहिलेले ७५० मिलीग्रॅम म्हणजे बरोबर पाच व्हायल. फरक असा अख्ख्या व्हायलच्या पटीत आला तर बहुतेक वेळा नोंद न झालेली हालचाल निघते: दुसऱ्या शाखेला उसनी दिली, फुटली, तयार केलेला डोस रद्द झाला आणि टाकून दिला. फरक तुटक आकड्यात आला तर वाया गेलेल्या उरलेल्या भागाची नोंद कुठेतरी राहिली आहे असं समजावं.

आता तिसरा आकडा. बिलाचं एकक १० मिलीग्रॅम धरलं, तर दिलेल्या १६,९०० साठी १,६९० एकक लागायला हवेत. लागलेत १,५६०. रुग्णाच्या अंगात गेलेलं १,३०० मिलीग्रॅम औषध फुकट गेलं. हा फरक पुरवठादाराशी कितीही घासाघीस करून भरून निघणार नाही. वाया गेलेला भाग बिलात लावता येतो की नाही, हे पैसे देणाऱ्याच्या (विमा कंपनी किंवा योजना) नियमावर अवलंबून असतं. मात्र नोंदच नसेल तर नियम कितीही अनुकूल असून उपयोग नाही.

गळतीचं मूळ बहुतेकदा आयटम मास्टरमध्ये, म्हणजे संगणकातल्या औषधांच्या मूळ यादीत सापडतं, आणि तिथे कुणी फिरकत नाही, कारण ते काम कंटाळवाणं असतं. एकाच औषधाची चार एककं असतात. खरेदी खोक्याची, साठा व्हायलचा, डोस मिलीग्रॅमचा आणि बिल त्या त्या संकेतांकाने (बिलात औषधाला दिलेला कोड) ठरवलेल्या एककाचं. या चारांमधले गुणक बरोबर असले तरच तीन आकडे जुळतात. ट्रॅस्टुझुमॅबच्या ४२० मिलीग्रॅमच्या डोसला ४२ एकक लागायला हवेत. गुणक चुकला की कधी ४२० जातात आणि पैसे देणारा बिल परत पाठवतो, कधी ३ जातात, कारण संगणक यंत्रणेने व्हायल मोजल्या. दुसरी चूक जास्त वाईट, कारण कमी पैशांच्या बिलाबद्दल कुणी तक्रार करत नाही. वर्षभर तशीच चालू राहते.

खोक्याच्या आकाराचा घोळ तुटवड्यात होतो. नेहमीची १० व्हायलची खोकी मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या कंपनीची २५ ची घेतली आणि माल उतरवणाऱ्याने जुन्याच आयटमवर चढवली. २० खोकी आली, यंत्रणेत २०० व्हायल दिसतात, फळीवर ५०० आहेत. व्हायलमागे खर्च अडीचपट दिसतो, आणि फळी भरलेली असताना यंत्रणा पुन्हा ऑर्डर काढते. उलटं झालं तर त्याहून वाईट: यंत्रणा ५०० म्हणते, आहेत २००, आणि रात्री दोन वाजता वॉर्डातून फोन येतो. नवा बारकोड म्हणजे नवा आयटम, हा नियम मोडायची परवानगी घाईतसुद्धा कुणाला नसावी.

बिल केव्हा लावायचं हाही निर्णयच आहे. फार्मसीतून औषध निघताना लावलं तर परत आलेला प्रत्येक डोस वजा करावा लागतो, आणि परतावे नोंदवण्यात सगळीकडेच ढिलाई असते. नर्सने रुग्णाजवळ स्कॅन केल्यावर लावलं तर नोंद न झालेले डोस बुडतात: क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची गाडी), ओटी म्हणजे शस्त्रक्रियागृह, वॉर्डातल्या कपाटातून थेट काढलेलं औषध. माझं मत, महागडी औषधं रुग्णाजवळच्या नोंदीवर लावावीत. कपाटातून निघालं पण दिल्याची नोंद नाही, अशा डोसची यादी रोज सकाळी वॉर्डाच्या प्रमुखाकडे जावी. महिन्याने पाठवलेली यादी कोणी वाचत नाही, तोवर कुणाला काही आठवतही नसतं.

वाया जाणाऱ्या औषधाचा सगळा दोष निष्काळजीपणावर टाकता येत नाही, त्यात गणितही असतं. बोर्टेझोमिब या कर्करोगाच्या औषधाची व्हायल ३.५ मिलीग्रॅमची, नेहमीचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १.३ मिलीग्रॅम. क्षेत्रफळ १.७ असलेल्या रुग्णाला २.२१ मिलीग्रॅम लागतं आणि १.२९ टाकावं लागतं, म्हणजे व्हायलच्या एक तृतीयांशाहून जास्त. असे तीन रुग्ण तीन वेगवेगळ्या दिवशी आले तर तीन व्हायल. एकाच दिवशी लागोपाठ बोलावले तर ६.६३ मिलीग्रॅम, दोन व्हायलमध्ये भागतं. पण विरघळवल्यावर हे औषध आठ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि व्हायल स्वच्छ हवेच्या कॅबिनेटमध्ये, निर्जंतुक पद्धतीनेच उघडलेली हवी. त्यामुळे ही बचत फार्मसीच्या हातात निम्मीच. उरलेली निम्मी डे-केअरच्या अपॉइंटमेंट देणाऱ्या माणसाच्या हातात असते, आणि त्याला बहुधा हे कोणी सांगितलेलंच नसतं.

दुसरा मार्ग डोस जवळच्या व्हायलपर्यंत आणण्याचा. ७७ किलोच्या रुग्णाला किलोला ६ मिलीग्रॅम या हिशेबाने ४६२ मिलीग्रॅम ट्रॅस्टुझुमॅब येतं आणि चौथी व्हायल १२ मिलीग्रॅमसाठी फोडावी लागते. ४५० दिलं तर फरक ३ टक्क्यांच्या आत राहतो. कर्करोगाच्या औषधांत १० टक्क्यांपर्यंत असा फरक अनेक ठिकाणी स्वीकारला जातो. पण तो ठराव औषधोपचार समितीने करायचा, डॉक्टरांच्या संमतीने. व्यवहार बघणाऱ्याने आकडे मांडावेत आणि गप्प बसावं. समितीसमोर जाताना व्हायलचा दर नेण्यापेक्षा उपचाराचा पूर्ण खर्च न्यावा. लिनेझोलिड या प्रतिजैविकाची गोळी जवळजवळ पूर्ण शोषली जाते आणि डोसही शिरेतल्याइतकाच, ६०० मिलीग्रॅम. रुग्ण तोंडाने घेऊ शकत असेल तर शिरेतून देण्याचा खर्च औषधापुरता थांबत नाही, त्यात सेट, पंपाचा वेळ आणि नर्सचा वेळही येतो.

साठा किती ठेवायचा यावर सूत्र आहे, आणि ते अर्धवट वापरलं जातं. रोज सरासरी ४० व्हायल, रोजच्या वापराचं प्रमाण विचलन (सरासरीच्या आसपासचा चढउतार) १२, माल यायला ४ दिवस. ९५ टक्के खात्रीसाठी राखीव साठा १.६५ गुणिले १२ गुणिले ४ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४०. त्यात चार दिवसांच्या १६० मिळवल्या की २०० ला ऑर्डर काढायची. यात गृहीत धरलंय की माल नेमका चौथ्या दिवशी येतो. येण्याची तारीखच एखादा दिवस मागेपुढे होत असेल (प्रमाण विचलन १ दिवस), तर राखीव साठा ४० वरून ७७ वर जातो. जवळजवळ दुप्पट! वेळ न पाळणारा स्वस्त पुरवठादार असा महाग पडतो, आणि हा खर्च त्याच्या दरपत्रकात कुठेच दिसत नाही.

साठा कमी करायची मोहीम निघाली की ९० दिवसांत न हललेल्या आयटमची यादी निघते. यादीत निम्मा कचरा असतो, तो काढाच. पण त्याच यादीत डँट्रोलीनही असतं. भूल दिलेल्या रुग्णाला मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भुलीच्या औषधाने ताप झपाट्याने चढणारी जीवघेणी प्रतिक्रिया) झाला तर त्यावर हेच औषध लागतं, पहिला डोस किलोला २.५ मिलीग्रॅम. ७० किलोला १७५, म्हणजे २० मिलीग्रॅमच्या नऊ व्हायल, आणि तोही फक्त पहिला डोस. अमेरिकेतल्या मॅलिग्नंट हायपरथर्मिया असोसिएशनची शिफारस ३६ व्हायल ठेवण्याची आहे. हा साठा बहुतेकदा न वापरता एक्सपायर होतो आणि तसाच व्हायला हवा. अशा जीव वाचवणाऱ्या उतारा-औषधांची वेगळी यादी करून त्यांचा एक्सपायरीचा खर्च बजेटमध्ये आधीच धरावा, म्हणजे मोहिमेच्या उत्साहात कुणी हात लावत नाही.

बाकीच्या एक्सपायरीवर अनेक शाखा असण्याचा फायदा घेता येतो. छोट्या शाखेत वर्षाला सहा लागणारं औषध मोठ्या शाखेत आठवड्यात सहा लागतं. मुदत चार-सहा महिन्यांवर आली की हलवायचं. पाठवताना 'वाटेत' अशी वेगळी नोंद हवी, नाहीतर माल दोन्हीकडे दिसतो किंवा कुठेच दिसत नाही. फ्रीजमधल्या औषधांचं हलवणं वेगळं: २ ते ८ अंशांची सलग नोंद सोबत नसेल तर पाठवूच नये. आणि फ्रीज बिघडून तापमान चढलं तर माल लगेच फेकायचा नाही. वेगळा ठेवायचा, योग्य तापमानातच ठेवायचा, 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावायची आणि किती अंश, किती तास हे कंपनीला कळवून त्यांचा लेखी निर्वाळा घ्यायचा. बरीच औषधं थोडा वेळ चढलेलं तापमान सोसतात. गोठलेलं इन्सुलिन मात्र वापरायचंच नाही.

तुटवड्याचा अंदाज दरपत्रकावरून बांधता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाचं पाणी नॉर्थ कॅरोलिनातल्या बॅक्स्टर कंपनीच्या कारखान्यात शिरलं, आणि अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सलाईनपैकी सुमारे ६० टक्के तिथे बनत होतं. करार करताना पर्यायी कंपनी कोण हे विचारतातच, पण दोन्ही कंपन्यांचा माल एकाच कारखान्यातून किंवा एकाच कच्च्या मालावर तर येत नाही ना, हे विचारायचं राहून जातं.

सगळ्यात जास्त पैसा हातात देणारं आणि सगळ्यात सहज बिघडणारं काम म्हणजे मूळ जैविक औषधावरून बायोसिमिलरवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या त्याच्यासारख्याच औषधावर जाणं. दर खाली आला म्हणून सही होते आणि वाटतं झालं. मग कळतं की ऑर्डर सेट (डॉक्टरांच्या तयार ऑर्डरींचा संच), कपाटातला कप्पा, लेबल, पंपातली औषधांची यादी, बारकोड आणि बिलाचा संकेतांक या सहा ठिकाणी जुनंच नाव आहे. संकेतांक जुना राहिला तर दिलं एक आणि बिल दुसऱ्याचं, ते नाकारलं जाणार. शिवाय पैसे देणाऱ्याने रुग्णासाठी आधी दिलेली पूर्वमंजुरी जुन्या औषधाच्या नावावर असेल तर नव्याला पैसे मिळत नाहीत. म्हणून बदलाची एकच तारीख ठरवावी, सहाही बदल त्या रात्री एकत्र करावेत. जुना साठा त्या तारखेला किती उरेल याचा हिशेब आठ आठवडे आधी मांडावा आणि ज्यांच्या मंजुऱ्या अजून जुन्या नावावर आहेत त्या रुग्णांसाठी तेवढाच राखावा. पहिली दहा बिलं हातानं तपासावीत: दिलेलं औषध, संकेतांक, एकक. त्यांचे पैसे जमा होईपर्यंत बचतीचा आकडा कुठल्याही अहवालात टाकू नये.