घाटातल्या नोंदी आणि रेडिसच्या फेऱ्या

मी रत्नागिरीत घरून काम करतो. मालवाहू गाड्यांच्या जीपीएस नोंदी घेणारं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते, सर्व्हर मुंबईत. एप्रिल लागला की हापूसच्या पेट्या भरून गाड्या रात्री वाशीकडे निघतात. चिपळूण सुटलं की घाटात जिथे रेंज जाते, तिथे यंत्र नोंदी साठवत राहतं आणि रेंज आली की सगळ्या एकदम ओततं. मग आमच्याकडे रांग तुंबायची. बागायतदाराला गाडी अर्धा तास मागेच दिसायची.

गाडी कोणाची, माल कोणाचा, हे आम्ही प्रत्येक नोंदीमागे रेडिसला, म्हणजे वेगळ्या चालणाऱ्या एका डेटा साठ्याला, विचारत होतो. रेडिस सगळं मेमरीतच ठेवतो, म्हणजे वेगवान, म्हणून त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही. प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावल्यावर कळलं: तो हळू नव्हताच, वेळ जात होता जाण्यायेण्यात. एकाच डेटासेंटरमधली एक फेरी साधारण अर्धा मिलिसेकंद घेते. आपल्याच प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, मेमरीतून वाचायला शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. पाच हजार पटींचा फरक! वर दरवेळी जेसन, म्हणजे मजकुराच्या रूपात आलेलं उत्तर, उलगडायचा खर्च. एका गाडीच्या दोनशे नोंदी आल्या की तेच उत्तर आम्ही दोनशे वेळा मागवत होतो. ते बघून मला खरंच वाईट वाटलं.

पाइपलायनिंग, म्हणजे अनेक प्रश्न एकाच फेरीत पाठवणं, करून पाहिलं. फेऱ्या कमी झाल्या, जेसनचं काम तेवढंच राहिलं. मग जावाची कॅफीन लायब्ररी (माहितीची प्रत जवळच ठेवणारी) घेतली आणि गाड्यांची माहिती प्रोसेसमध्येच ठेवली. माहिती थोडी, क्वचित बदलणारी, सहज मावली. रांग ओसरली.

पण एका रात्री खेडजवळ गाडी बिघडली आणि पेट्या दुसऱ्या गाडीत चढवल्या. आमचे सर्व्हर तीन, प्रत्येकाकडे स्वतःची प्रत. एकाकडे जुनीच राहिली. पहाटे एका काकांचा फोन आला, "अरे, माझा माल खेडला आहे की पनवेलला? तुझा नकाशा दोन्ही दाखवतोय." त्यांचा वर्षाचा पैसा त्या पेट्यांत होता. मला काय उत्तर द्यावं सुचेना.

आता माहिती बदलली की रेडिसच्या पब-सबवरून (एक निरोप सगळ्या ऐकणाऱ्यांना पोचवणारी सोय) तिन्ही सर्व्हरना निरोप जातो आणि ते आपापली प्रत टाकून देतात. पण पब-सबचा निरोप चुकला की चुकला, तो पुन्हा येत नाही. म्हणून प्रत्येक प्रतीला तीस सेकंदांची मुदतही घातली.

ओटीपी किती वेळा मागितला, ही मोजणी मात्र रेडिसमध्येच ठेवली आहे. तिथे तीन सर्व्हरचे तीन आकडे चालणार नाहीत.