नऊ नंबर आणि इस्तंबूलची थाप

रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

आमच्या लिव्हरपूलने आर्सेनलला १-० हरवलं. सामना तसा रटाळच होता, दोघंही एकमेकांना दबकून. मग ८३व्या मिनिटाला सोबोस्लायने तीस यार्डांच्याही पलीकडून फ्री किक मारली आणि मी खुर्चीतून उठलो तो उभाच. मधल्या फळीतला माणूस, आज त्याला राइट-बॅकला जुंपलं होतं. तिथूनही गोल काढलाच त्याने.

लगेच भाच्याचा मेसेज. वाटलं, फ्री किकबद्दल असेल. "मामा, इसाक उद्या नक्की ना?"

इसाक म्हणजे न्यूकॅसलचा स्ट्रायकर, आम्हाला हवा असलेला. गोल होऊन मिनिट झालं नाही तर ही पोरं खेळाडूंच्या बाजारात! मी उत्तर दिलं नाही. दहा मिनिटांनी दिलं, कारण मलाही तेच विचारायचं होतं.

सोमवार, १ सप्टेंबर

डेडलाइन डे, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा शेवटचा दिवस. ब्रिटनच्या घड्याळात संध्याकाळी सातला बाजार बंद. त्याआधी डील शीट, म्हणजे सौदा ठरल्याचा कागद, दाखल केली असेल तर उरलेल्या कागदपत्रांसाठी आणखी दोन तास मिळतात. म्हणजे आमच्यासारख्यांची झोप आणखी दोन तास गेली.

दादा, भाचा आणि मी, तिघंही फोनवर. इसाकचा आकडा फुटला होता: साडेबारा कोटी पौंड. ब्रिटनमध्ये एवढी रक्कम कोणत्याच क्लबने कधी मोजली नाही. व्हिर्ट्झ, एकिटिके, केर्केझ, फ्रिम्पाँग हे आधीच झालेले. सगळं मिळून या उन्हाळ्याची खरेदी चाळीस कोटींच्या वर. मागच्या मोसमात आम्ही एकट्या किएझाला घेऊन लीग जिंकलो होतो, हे सांगूनही कोणाला खरं वाटणार नाही.

दादाने विचारलं, "एवढा पैसा येतो कुठून?" भाचा त्याची वाटच बघत होता. "मोठे मामा, साडेबारा कोटी एकदम खर्चात पडत नाहीत. करार सहा वर्षांचा असला तरी हिशोबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतात. म्हणजे वर्षाला अडीच कोटी. आणि क्वान्सासारखा अकादमीतला पोरगा विकला की त्याची खरेदी किंमत शून्य, आलेला पैसा सगळा नफा. म्हणून घरचीच पोरं आधी विकली जातात."

हे शेवटचं वाक्य त्याने किती सहज म्हटलं! दादा थोडा वेळ गप्प झाला. त्याच्या काळात घरच्या पोरावर स्टेडियम उभं राहायचं.

मग दादा म्हणाला, "न्यूकॅसलचा स्ट्रायकर, बाजाराचा शेवटचा दिवस, विक्रमी रक्कम, आणि आपली नऊ नंबरची जर्सी. हे सगळं मी आधी पाहिलंय."

मीही पाहिलंय. माझ्याकडे तर ते लेखी आहे. कपाटातून २०११ची वही काढली. ३१ जानेवारी, तोही सोमवारच. माझं अक्षर तेव्हा बरं होतं. लिहिलंय:

"टोरेस पाच कोटींना चेल्सीला गेला. जाऊ दे. कॅरॉल आला, साडेतीन कोटी. पुढच्या दहा वर्षांचा नऊ नंबरचा प्रश्न मिटला. अजॅक्सचा कोणी सुआरेझही घेतलाय, चावतो म्हणे."

फोनवर वाचून दाखवलं तर भाचा एवढा हसला की त्याच्या आईने खोलीत डोकावून पाहिलं. दहा वर्षांचा प्रश्न मिटवणाऱ्या कॅरॉलने लीगमध्ये आमच्यासाठी एकूण सहा गोल केले. आणि तो "कोणी सुआरेझ", त्याच्यासाठी अडीच वर्षांनी आर्सेनलने चार कोटी आणि वर एक पौंड मोजायची तयारी दाखवली. तो एक पौंड अजून कोणी विसरलेलं नाही.

दादा मात्र कॅरॉलची बाजू सोडत नाही. "२०१२ची एफए कप सेमी-फायनल. वेम्ब्ली. समोर एव्हर्टन. ८७वं मिनिट. हेडर कोणाचं?" कॅरॉलचं. "मग? माझे पैसे तिथेच वसूल झाले." जणू साडेतीन कोटी याच्याच खिशातून गेले होते.

दरम्यान मार्क गेहीचं चाललं होतं. क्रिस्टल पॅलेसचा कर्णधार, सेंटर-बॅक, किंमत पुन्हा तीच, साडेतीन कोटी. मेडिकल उरकलं, सगळं ठरलं, आणि ऐन वेळी पॅलेसने हात आखडता घेतला, कारण त्यांना बदली बचावपटू मिळेना. भाचा रडकुंडीला आला. दादाने त्याला ओडेमविंगीची गोष्ट सांगितली. २०१३च्या जानेवारीत वेस्ट ब्रॉमचा हा गडी दोन्ही क्लबांचं जमलेलं नसताना स्वतःच गाडी घेऊन क्यूपीआर या दुसऱ्या क्लबच्या मैदानावर जाऊन थडकला होता. आत कोणी घेतलं नाही, आला तसा परत गेला. मग २०१५चा डे हेआ. रेआल माद्रिदचे कागद वेळेत पोचले नाहीत आणि मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर जागच्या जागी राहिला. "गेही निदान आपल्या पायांनी कुठे जाऊन उभा राहिला नाही," दादा म्हणाला. भाच्याला यातून काही दिलासा मिळाल्याचं दिसलं नाही.

एक गोष्ट फोनवर बोललो नाही, इथे लिहितो. इसाक मोसम सुरू झाल्यापासून न्यूकॅसलकडून मैदानात उतरला नाही. हट्टाने बाहेर बसला. २०१७मध्ये कुटिन्योने बार्सिलोनासाठी असंच केलं तेव्हा मी या वह्यांमध्ये त्याला काय काय म्हटलंय ते वाचवत नाही. आज न्यूकॅसलमधला कोणी माझ्यासारखाच माणूस वहीत तेच शब्द लिहीत असेल. आणि मी इकडे दर दोन मिनिटांनी फोनचा पडदा खाली ओढतोय.

इसाक झाला. नऊ नंबर. झोपतो.

मंगळवार, २ सप्टेंबर

झोपलो कुठे. वह्या चाळत बसलो. सकाळी भाच्याने फर्मान काढलं, "मामा, प्रत्येक साइनिंगच्या दिवशी तू काय लिहिलंस ते वाचून दाखव." संध्याकाळी पुन्हा तिघंही फोनवर.

जुलै २०१७, रॉबर्टसन: "हल सिटीचा लेफ्ट-बॅक. ऐंशी लाख. त्यांचा क्लब खाली घसरला म्हणून स्वस्तात मिळाला असावा." बस्स, पुढे त्या दिवशी नळ गळत असल्याची नोंद. त्याच उन्हाळ्यात सालाह: "चेल्सीत चालला नव्हता. बघू." डिसेंबर २०१७, व्हॅन डाइक: "बचावपटूला साडेसात कोटी! वेड लागलंय." २०१४च्या ओरिगीची नोंदच नाही. लीलकडून घेतला आणि वर्षभरासाठी तिथेच लोनवर ठेवला, मला बहुधा पत्ताही लागला नाही.

भाचा म्हणाला, "मामा, तू चुकत नाहीस असा एक तरी?" शोधलं. नाही सापडला.

मग गाडी अपरिहार्यपणे ७ मे २०१९वर आली. आमच्यात कोणताही वाद सुरू झाला की वीस मिनिटांत तिथे पोचतो. चॅम्पियन्स लीगची सेमी-फायनल, दोन सामन्यांच्या गोलांची बेरीज धरायची. पहिल्या सामन्यात बार्सिलोनाकडून ३-० हरलेलो, सालाह आणि फिर्मिनो जखमी. सालाह "नेव्हर गिव्ह अप" लिहिलेला काळा टी-शर्ट घालून बघत बसलेला. समोर बार्सिलोनाच्या जर्सीत आमचेच दोन जुने: सुआरेझ आणि कुटिन्यो.

चौथा गोल सगळ्यांना पाठ आहे. ७९वं मिनिट, बॉलबॉयने झटकन चेंडू दिला, आमचा ट्रेंट कॉर्नरपासून दोन पावलं दूर गेला आणि गर्रकन वळून मारला, बार्सिलोनाचा बचाव पाठमोरा, ओरिगी एकटा. पण दादाला आवडतो तो भाग आधीचा, आणि तो हायलाइट्समध्ये धड दिसतही नाही. पहिल्या हाफमध्ये सुआरेझने धावता धावता मागे पाय मारला, तो रॉबर्टसनच्या पोटरीवर बसला. रॉबर्टसन मध्यंतरानंतर आलाच नाही. मिल्नर त्याच्या जागी मागे सरकला आणि मधल्या फळीत आला वाइनाल्डम, राखीव बसवलं म्हणून आधीच धुमसत असलेला. ५४व्या मिनिटाला एक, ५६व्याला दुसरा. आधीचा एक धरून, दोन्ही सामने मिळून तीन-तीन.

"म्हणजे बघ," दादा म्हणाला, "आपण विकलेल्या माणसाने ऐंशी लाखांच्या माणसाला लाथ मारली, म्हणून न्यूकॅसलचा अडीच कोटींचा माणूस मैदानात आला आणि त्याने दोन गोल मारले. तुझ्या त्या पाच वर्षांच्या हिशोबात हे कुठे बसतं?"

भाचा म्हणाला, "आणि कुटिन्योच्याच पैशातून ॲलिसन आला, तो गोलमध्ये होता." पोरगा शिकतोय.

व्हॅन डाइकही कुटिन्योच्याच पैशाचा, असं सगळे म्हणतात. तो कुटिन्यो जायच्या काही दिवस आधीच पक्का झाला होता, पण पैसा येणार हे क्लबला दिसत असणार. आणि बार्सिलोनाकडे तरी पैसा आला कुठून, तर पॅरिसच्या पीएसजी क्लबने बार्सिलोनाच्या नेमारसाठी मोजलेल्या २२ कोटी २० लाख युरोंमधून. एका ब्राझीलियन पोराला पॅरिसला जावंसं वाटलं आणि शेवटी आम्ही युरोप जिंकलो.

वहीत २०२०चं एक पानही लागलं. सप्टेंबर, "वुल्व्ह्जचा जोटा. पुढच्या फळीतल्या तिघांपैकी कोणी दमला तर बरा." ते मी वाचून दाखवलं नाही. दादाला कळलं असावं, त्याने विषय बदलला. यंदा २ एप्रिलला एव्हर्टनविरुद्ध जोटाने मारलेला एकमेव गोल मी पाहिला, ओरडलो आणि विसरलो. तो त्याचा शेवटचा गोल ठरेल असं कोणाला वाटलं होतं? ३ जुलैला तो गेल्याची बातमी आली तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. आता विसाव्या मिनिटाला आमचं सगळं ॲनफिल्ड मैदान त्याचं गाणं गातं तेव्हा मी आवाज वाढवतो, नाहीतर कमी करतो. एक काही ठरत नाही.

दादाने बदललेला विषय म्हणजे २७ एप्रिल २०१४. हा कसला विषय! आमचा कर्णधार जेरार्ड घसरला, चेल्सीचा डेम्बा बा धावत गेला, लीग गेली. एवढंच मला आठवतं, आणि अकरा वर्षांत तो सामना मी पुन्हा पाहिलेला नाही. भाच्याने मात्र मागच्या महिन्यात पूर्ण नव्वद मिनिटं पाहिला. म्हणाला, "मामा, तुला माहितीये, त्या दिवशी सालाह त्यांच्याकडून सुरुवातीपासून खेळत होता?"

मी म्हटलं, शक्यच नाही.

"निळ्या जर्सीत. साठाव्या मिनिटाला बाहेर गेला, त्याच्या जागी विलियन आला. आणि शेवटचा गोल विलियनने मारला, तो पास कोणाचा?"

टोरेसचा. हे मात्र आठवलं. अर्धं मैदान मोकळं, टोरेस आणि विलियन दोघंच पळतायत, आणि आमचा जुना नऊ नंबर स्वतः न मारता चेंडू बाजूला देतो. तेव्हा वाटलं होतं, लाज वाटली त्याला. आता वाटतं, पास द्यायचा होता म्हणून दिला असेल. पण सालाह? ज्याच्यासाठी आठ वर्षं घसा फोडला तो त्याच दिवशी माझ्या डोळ्यांदेखत समोरून खेळत होता आणि मला तो दिसलाच नव्हता.

म्हटलं, डोळ्यांचं हे असं असेल तर आता सांगूनच टाकावं. एवीतेवी वही हातात होती.

२५ मे २००५. इस्तंबूल. चॅम्पियन्स लीगची फायनल, आम्ही आणि मिलान. ही गोष्ट भाच्याला मी किमान पन्नास वेळा सांगितलीये. पहिल्याच मिनिटाला त्यांच्या मालदिनीचा गोल, मग क्रेस्पोचे दोन, मिलान मध्यंतराला ३-०. मग जेरार्डचं हेडर, श्मित्सरचा लांबून, अलोन्सोची पेनल्टी अडवली तरी परत आलेल्या चेंडूवर गोल, सगळं सहा मिनिटांत. एक्स्ट्रा टाइममध्ये आमच्या गोलकीपर डुडेकने मिलानच्या शेवचेन्कोचे लागोपाठ दोन फटके कसे अडवले, तेव्हा माझ्या हातांना कसा घाम सुटला होता. पेनल्टी शूटआउट ३-२. घामाचं तर मी दर वेळी सांगतो.

वहीत त्या रात्रीचं पान आहे. मी वाचलं: "हाफ-टाइम ०-३. अब्रू गेली. झोपतोय."

पलीकडे कोणी बोलेना. मग भाचा अगदी हळू म्हणाला, "मामा... घाम?"

"हायलाइट्स पाहताना सुटला होता. दुसऱ्या दिवशी."

"वीस वर्षं?"

मी म्हटलं, वीस वर्षं. आधी मित्रांना लाजून थाप मारली, मग ती इतक्यांदा सांगितली की मलाच चित्र दिसायला लागलं. शेवचेन्कोचा चेहरासुद्धा दिसतो, खरंच दिसतो.

दादा आतापर्यंत गप्प होता. आम्ही तेव्हा एकाच खोलीत झोपायचो, टीव्ही तिथेच. म्हणाला, "जेरार्डचा गोल झाल्यावर मी तुला उठवलं होतं. खांदा धरून हलवलं. तू म्हणालास, बंद कर तो टीव्ही. मग मी आवाज बंद करून बघितला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू डुडेकचं फार छान सांगतोस रे."

१४ तारखेला बर्नलीशी सामना आहे. फार रात्रीचा नाहीये, असं दादाने मघाशी मुद्दाम मेसेज करून कळवलंय.