परसातल्या फणसाचं जेवणाचं टेबल

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, त्या दिवशी बांदिवड्याच्या आमच्या परसातला फणस मुळासकट आडवा झाला. सासऱ्यांनी लावलेला, रसाळ जातीचा. त्याच्या गऱ्यांची साठं दरवर्षी घरात व्हायची. वीज गेलेली, फोन लागत नव्हते, आणि सासूबाई मागच्या पडवीत बसून नुसत्या त्या बुंध्याकडे बघत होत्या. चौथ्या दिवशी एक जण जळणासाठी ओंडके मागायला आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते चुलीत जायचं नाही." टेबल तिथूनच सुरू झालं.

गोव्यात १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. आमचं आपोआप पडलेलं, तरी आधी खात्याला कळवलं, फोटो काढून ठेवले आणि कागद हातात आल्यावरच बुंधा हलवला. सॉ मिलमधून दीड इंची फळ्या कापून आणल्या. आतला गाभा हळदीसारखा पिवळाधमक. सालीजवळच्या पांढरट भागाला कीड लवकर लागते, म्हणून मेस्तांनी तो काढायला लावला. (आमच्याकडे सुताराला मेस्तच म्हणतात.)

मला वाटलं होतं, चतुर्थीपर्यंत टेबल होईल. मेस्तांनी फळीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "बाय, लाकूड अजून जिवें आसा." म्हणजे अजून जिवंत आहे, सुकलेलं नाही. इंचभर जाडीला साधारण वर्षभर, असा त्यांचा हिशोब. फळ्यांच्या दोन्ही टोकांना त्यांनी ऑईल पेंट फासला, कारण पाणी टोकांतून सगळ्यांत भराभर जातं आणि चिरा तिथेच पडतात. मग पडवीत, जमिनीपासून वीतभर उंचावर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून फळ्या रचल्या. पट्ट्या एकावर एक अगदी सरळ रेषेत हव्यात, नाहीतर फळीला बाक येतो. वर जांभ्याचे चिरे ठेवले.

एक छोटी फळी त्यांनी माझ्याकडे दिली आणि दर महिन्याला तिचं वजन करायला सांगितलं. मी वहीत लिहीत गेले. आधी वजन झपाट्याने उतरलं, मग हळूहळू. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात ते जवळजवळ थांबलं आणि जुलैत चक्क वाढलं! पावसाळ्यातल्या हवेचं पाणी फळीने परत ओढून घेतलं होतं. लाकूड सुकलं की विषय संपला, हा माझा समज त्या आकड्यांनी मोडला.

आराखडा करताना मात्र मजा आली. माणशी दोन फूट जागा धरली तर सहा जणांना सहा फूट बाय तीन फूट पुरतं. उंची तीस इंच, खुर्चीची बैठक अठरा. कागदावर हे सगळं बरोबरच दिसतं, म्हणून आम्ही त्याच उंचीवर जुनं दार मांडून आठवडाभर त्यावर जेवलो. तेव्हा कळलं की टेबलाचे पाय अगदी कोपऱ्यांत घेतले तरच सासूबाईंचे गुडघे कुठे अडत नाहीत.

वाद झाला तो कडेच्या पट्टीवरून. मला टेबलाला चारी बाजूंनी चौकट हवी होती, कोपऱ्यात तिरप्या जोडाची. मेस्त तयार होईनात. माझी जुनी टीपॉय त्यांनी उलटी करून दाखवली. मधली फळी चौकटीत गोंदाने पक्की बसवलेली, आणि पावसाळ्यात ती फुगून चारही कोपरे उघडलेले. मी ती नशिबाची गोष्ट समजत होते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. त्याला अडवलं की ते जोड फोडतं किंवा स्वतः फाटतं. मी चौकटीचा हट्ट सोडला, आणि सोडला ते बरं झालं.

काम सुरू झालं जानेवारी २०२३मध्ये. खाली पाय आणि आडव्या पट्ट्या, कुसू (पट्टीच्या टोकाला कोरलेली, खाचेत बसणारी जीभ) आणि खाच करून, सागवानाच्या खुंट्या ठोकून. पटाशीने खाच कोरताना मेस्त दर दोन-तीन फटक्यांनंतर गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बघत. एक कुसू सैल झालं, तर सबंध पट्टी बाजूला ठेवून त्यांनी नवी केली. मी भुसा भरून चालेल म्हटलं होतं. वरचा पृष्ठभाग खिळ्यांनी ठोकला नाही. खालून छोटे लाकडी गुटके पट्ट्यांच्या खाचेत अडकवले आहेत. फळी त्यांच्यावर सरकते, पण उचलली जात नाही.

शेवटी अळशीच्या तेलाचे चार पातळ हात, दोन हातांमध्ये पुरेसं वाळवून. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतात. आम्ही पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली.

त्या ऑगस्टमध्ये मी टेप लावला. रुंदी पाच मिलिमीटरने वाढली होती आणि एकही जोड हलला नव्हता. डिसेंबरात ती पुन्हा जवळपास पहिल्या मापावर. पिवळा रंग आता मधासारखा झाला आहे. जिथे टेबलक्लॉथ असतो, तेवढाच तुकडा अजून फिका दिसतो.

दोन फळ्या उरल्या आहेत, पडवीत पट्ट्यांवरच. त्यांचा गणपतीसाठी पाट करायचा आहे. सासूबाईंनी माप काढून ठेवलंय.