चार प्लग, पाच वायरी

जुनी गाडी बाळगणाऱ्याला सल्ले फुकट मिळतात, आणि त्यातले निम्मे स्पार्क प्लगबद्दल, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगबद्दल असतात. आमच्या फोंड्यात तर माझ्या पद्मिनी गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही स्कूटर बाजूला घेतो. "प्लग बदलले काय?" हा पहिला प्रश्न. मग "इरिडियमचे घाला, पिकअप बघा कसा येतो" म्हणणारा एक. "मायकोशिवाय दुसरं काही घालू नका" म्हणणारा दुसरा. बेंगळुरूची ती कंपनी 1951 सालची, 2008 पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे. पण जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून मायकोच. सल्ले ऐकायला मला आवडतं. फक्त एक गोष्ट लक्षात आली आहे: प्लगपर्यंत करंट घेऊन जाणाऱ्या वायरींबद्दल यातला कुणी चकार शब्द काढत नाही. आणि गोव्याच्या पावसात जुनी गाडी दगा देते ती बहुतेक वेळा वायरींमुळेच.

तरी आधी प्लगच घेऊ, कारण दुकानात गेल्यावर खरी गंमत तिथेच सुरू होते. प्लग 'थंड' असतो किंवा 'गरम' असतो. ठिणगीची उष्णता दोन्हींची सारखीच. फरक आहे तो प्लगच्या टोकाला लागलेली उष्णता किती लवकर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, उतरते याचा. आतलं चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता रेंगाळते, तो गरम प्लग. नाक आखूड, तर थंड. टोक साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं, म्हणजे काजळी आपोआप जळून जाते. आणि 850च्या फार पुढे जाता कामा नये, नाहीतर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटायला लागतं. इतकं सोपं. पण हे आकड्यात लिहायची वेळ आली तेव्हा कंपन्यांनी एकमेकींशी न बोलण्याची शपथ घेतली असावी. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. चॅम्पियनचा आकडा वाढला की गरम होत जातो. बॉशने तर कमालच केली. त्यांचा जुना आकडा वाढला की प्लग थंड व्हायचा; मग पद्धत बदलली आणि आता आकडा उतरला की थंड होतो. जुना 175 तो आजचा 7. म्हणजे वडिलांच्या वहीत लिहिलेला आकडा घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार आणि तुम्ही दोघंही बरोबर असता आणि तरीही भांडता.

आकड्याच्या मागेपुढे अक्षरं असतात, तीही बघायची. एनजीकेच्या प्लगवर 'ई' म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर, 'एच' म्हणजे 12.7. आखूड भोकात लांब प्लग बसवला तर तो थेट पिस्टनला जाऊन भिडू शकतो. लांब भोकात आखूड बसवला तर उरलेल्या आट्यांत काजळी बसते, आणि पुढे कधी योग्य प्लग घालायला गेलात की आटे खाल्ले जातात. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर, करंटला अवरोध करणारा तुकडा, आहे. या 'आर'कडे परत येऊ.

इरिडियमवाल्यांशी मी वाद घालत नाही, पण ऐकतही नाही. इरिडियम सुमारे 2446 अंशांना वितळतं, निकेल 1455ला; म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक करता येतं आणि तरी झिजत नाही. मान्य. पण लाख किलोमीटर टिकणारा प्लग अशा गाडीला कशाला, जी वर्षभरात चतुर्थीला गावच्या घरी, दोन-चार लग्नांना आणि एखाद्या रविवारी मंगेशीपर्यंत जाते? शिवाय कार्बोरेटरची गाडी, सकाळी चोक ओढून सुरू करायची. काजळी इरिडियमलाही धरतेच. साधा निकेलचा प्लग काढावा, ब्रशने घासावा, फीलर गेजची पातळ पट्टी घालून टोकांमधली फट बघावी. पॉइंटवाल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नसलेल्या जुन्या इग्निशनला 0.6 ते 0.7 मिलिमीटर. या कामात जो निवांतपणा आहे तो महागड्या प्लगने हिरावून घेतला जातो, हाही माझा एक आक्षेप आहे, पण तो दुकानात सांगता येत नाही.

काढलेला प्लग बघणं हे तर स्वतंत्र सुख. टोकाचा रंग दुधाच्या चहासारखा असला की समजावं, सगळं ठीक चाललंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओला तेलकट काळा असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत, म्हणजे खर्चाचं काम. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, नाहीतर प्लग जास्त गरम आहे. मात्र हा रंगांचा हिशेब जुन्या लोकांनी शिशाच्या पेट्रोलवर बसवलेला. देशभरातून शिसं गेलं 2000 साली, आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलंय. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण थोडं पातळच पडतं आणि प्लग पूर्वीपेक्षा फिका दिसतो. तेव्हा जरा फिका चहा दिसला म्हणून घाबरू नये. आधी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, बघावा.

आता वायरी. चार प्लगच्या आणि पाचवी कॉइलची. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमध्ये जाऊन पंधरा-वीस हजार होतात, आणि ते सांभाळायला वायरीभोवती आवरण सोडून काहीही नसतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असताना सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीला सगळ्यात जवळची वाट हवी असते. आवरणाला तडा गेला, वर ओल बसली, की ती प्लगपर्यंत जायचे कष्ट कशाला घेईल? बाजूला इंजिनाचं लोखंड आहेच.

आमच्याकडे जूनपासून हवाच ओली. त्यात खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवा कळंक चढतो. वायर बाहेरून कोरी करकरीत दिसते आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये, म्हणजे जिथून करंट चार प्लगना वाटला जातो तिथे, बसणारं टोक मात्र आतून पिठूळ झालेलं असतं. घुशी आणि उंदीर हा आणखी एक विषय; पावसात त्यांना बॉनेटखालच्या उबेइतकी सुखाची जागा नाही.

गाडी मिस मारायला लागली की मी आमच्या मेकॅनिकची पद्धत वापरतो. रात्री अंगणातला दिवा घालवायचा, गाडी सुरू ठेवायची, बॉनेट उघडायचं आणि कपड्यांना इस्त्री करताना वापरतात त्या फवाऱ्याने वायरींवर पाण्याचे हलके तुषार सोडायचे. हात लांब ठेवायचे, हे सांगायला नको. डोळे अंधाराला सरावले की दिसायला लागतं. तिसऱ्या वायरीच्या वळणावर जांभळट निळी रेघ लवलवते, टिक टिक टिक, आणि प्रत्येक टिकेबरोबर इंजिन एक ठोका गिळतं. कुठली वायर, कुठल्या जागी, सगळं उघड. मेकॅनिक त्या वेळी एवढंच म्हणाला होता, "पात्रांव, प्लग बरे आसात. वायरी पळयात." म्हणजे मालक, प्लग ठीक आहेत, वायरी बघा.

वायरी निवडायच्या तर मुख्य जाती दोन. एक तांब्याच्या तारेची: जुनी, दणकट, दुकानात मीटरवर कापून मिळणारी. दुसरी कार्बनची: आत कार्बन चढवलेला दोरा, मुद्दाम अवरोध ठेवलेला. तो अवरोध कशाला, हे ज्याने जुन्या गाडीत रेडिओ ऐकलाय त्याला विचारावं. तांब्याची वायर ही ठिणगीगणिक एक लहानसं प्रक्षेपण केंद्रच चालवते. मीडियम वेव्हवर पणजी लावलेलं असावं, अभिषेकीबुवांची तान वर चढत असावी, आणि बाणस्तारीच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबताच तिच्यात कडकडाटही तितक्याच द्रुत लयीत मिसळावा. बुवा मंगेशीचे, एवढ्या घरच्या माणसावर असा अन्याय!

पण कार्बनचा दोरा नाजूक. वायर धरून ओढली की आत तुटतो, आणि तुटलेला दिसत नाही. थंड असताना गाडी छान चालते, तापली की गुरगुरायला लागते. म्हणून ओढायची ती रबरी टोपीला धरून, थोडी पिळून. मल्टिमीटर लावून वायर हळूच वाकवत न्यावी. आकडा मधेच उडाला तर ती बाद.

मी स्वतः तांब्याची वायर घेतो, सिलिकॉनच्या आवरणाची, आणि प्लग 'आर'चे. रेझिस्टर प्लगमध्ये आला की रेडिओचंही भागतं आणि वायरही दणकट राहते. 'आर'मुळे ठिणगी मरते अशी भीती घालणारे भेटतात. फटीत ठिणगी उडेपर्यंत करंट जवळजवळ वाहतच नसतो, त्यामुळे पाच हजार ओहमचा तो रेझिस्टर फारसं काही अडवत नाही. उलट टोकं कमी झिजतात. दुकानदार हमखास 8 मिलिमीटरची लालभडक वायर पुढे करतो. ते 8 म्हणजे बाहेरची जाडी, आवरणाची. तार जाड होत नाही. चांगल्या सिलिकॉनची 7 मिलिमीटर पुरते, आणि पद्मिनीच्या कॅपमध्ये मुकाट बसतेही.

बसवताना सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-3-4-2. तिसऱ्यानंतर लगेच चौथा पेटतो, आणि ते शेजारी. या दोघांच्या वायरी एकत्र बांधून लांबवर समांतर नेल्या तर एकीतला करंट दुसरीत उमटू शकतो. म्हणून त्या थोड्या फाकवून, जमलं तर एकमेकींना छेदून न्याव्यात. दिसायला ते गबाळं दिसतं. स्कूटर थांबवणाऱ्यांपैकी एकाने तर "वायरिंग जरा नीट बांधून घ्या हो" असंही सुचवलं.

यंदा पाचही नव्या घातल्या आहेत. मेकॅनिक आता कॉइलकडे बोट दाखवायला लागलाय, पण माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायचं आहे. कॉइलचं चतुर्थीनंतर बघू.