फवारणीच्या नोंदीचे रकाने: माझा अनुभव

गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास नाशिक परिसरातल्या एका द्राक्ष बागायतदार गटासाठी फवारणीची नोंद ठेवणारं छोटं वेब ॲप करायला घेतलं. प्लॉट, गाव, औषध, लिटरला किती, तारीख आणि शेरा, एवढेच रकाने. निर्यातीच्या बागेला ही नोंद चोख लागते. शेवटची फवारणी आणि काढणी यांत पुरेसे दिवस गेले नाहीत, तर माल अवशेषांच्या तपासणीत अडकतो. छाटणीनंतर डावणी आणि भुरी या रोगांच्या धास्तीने फवारण्या सारख्या चालू असतात, आणि नोंद व्हायची ती बागेतच, भर उन्हात, ओल्या हातांनी. त्यामुळे या कामात सगळ्यात जास्त वेळ रकान्यांच्या दिसण्यावर द्यायचा, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

हाती आलेलं डिझाइन लॅपटॉपवर देखणं होतं. पांढऱ्यावर फिकट राखाडी रेघ आणि तिच्यावर तितक्याच फिकट अक्षरांत ‘औषधाचं नाव’. दिंडोरीकडच्या एका बागेत काकांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी ब्राइटनेस पूर्ण वाढवला, स्क्रीनवर तळहाताची सावली धरली आणि म्हणाले, “ताई, यात लिहायचं कुठं?” काकांना रेघ दिसतच नव्हती. तो राखाडी आणि पांढरा यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, जेमतेम १.६:१ भरत होता. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून असलेल्या २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या मानकात रकान्याच्या कडेला किमान ३:१ आणि नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना ४.५:१ लागतो. मी रेघ काढून चारही बाजूंनी गडद बॉर्डर दिली आणि रकान्याचं नाव वर, कायम दिसेल असं लेबल म्हणून ठेवलं. प्लेसहोल्डर, म्हणजे रिकाम्या रकान्यात दिसणारा फिकट मजकूर, पहिलं अक्षर टाकताच गायब होतो. मध्येच ट्रॅक्टरवाल्याने हाक मारली आणि माणूस परत आला, की हा रकाना औषधाचा होता की प्रमाणाचा, हे त्याला कळायला मार्ग उरत नाही. नमुना म्हणून प्लेसहोल्डर ठेवायचाच असेल, तर त्याचा रंग स्वतः द्यावा आणि ओपॅसिटीही (अपारदर्शकता) १ करावी, कारण फायरफॉक्स तो आपणहून आणखी फिका करतो.

खरी कसोटी मात्र देवनागरीने पाहिली. सगळ्या पानाला ‘मुक्त’ हा फॉन्ट लावला होता, तरी रकान्यांत अक्षरं वेगळीच दिसत होती. ब्राउझर इनपुट (एका ओळीचा रकाना), टेक्स्टएरिया (अनेक ओळींचा) आणि बटण यांना आपला स्वतःचा फॉन्ट देतो, पानाचा फॉन्ट त्यांच्यात आपोआप उतरत नाही. त्यांना सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ‘फॉन्ट: इनहेरिट’ लिहावंच लागतं. ते लिहिलं आणि पुढची अडचण समोर आली. गावाच्या रकान्यात ‘वडनेर भैरव’ टाकलं तर ‘भै’च्या दोन मात्रांची टोकं वरून कापली गेली, आणि ‘सुरगाणा’ टाकलं तर ‘सु’चा उकार खाली अर्धाच उरला. डिझाइनमध्ये रकान्याची उंची पक्की ठरवलेली होती आणि ती रोमन अक्षरांकडे पाहून ठरवलेली होती. मराठीला शिरोरेषेच्या वरही जागा लागते आणि अक्षराच्या खालीही. मी पक्की उंची काढून टाकली, वर-खाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिलं, किमान उंची ४८ पिक्सेल ठेवली आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ केली. मात्रा मोकळ्या झाल्या, आणि मोठा रकाना ओल्या बोटालाही नीट सापडू लागला. माझं स्पष्ट मत आहे की मराठी माणसं वापरणार असतील तर रकान्याची चाचणी ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून करावी. ‘टेस्ट’ लिहून काही कळत नाही.

त्याच डिझाइनमध्ये अक्षरांत थोडं लेटर-स्पेसिंगही (अक्षरांमधलं जादा अंतर) होतं. इंग्रजीत ते शोभतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची रांग वाटायला लागतो. ते शून्य केलं.

आयफोनवर रकान्यात बोट टेकवलं की पान एकदम मोठं होऊन बाजूला सरकायचं. इनपुटमधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की सफारी असं झूम करते. काही जण व्ह्यूपोर्टमधून (पान स्क्रीनवर कसं बसेल ते ठरवणारी सेटिंग) झूमच बंद करायला सुचवतात, पण चष्मा घरी विसरलेल्या माणसाला बोटांनी मोठं करून वाचता आलं पाहिजे. अक्षरं १८ पिक्सेल केली, प्रश्न मिटला.

फोकसच्या वेळी, म्हणजे रकाना निवडला की, त्याभोवती दिसणारी आउटलाइन मूळ डिझाइनने पुसून टाकली होती. ‘फोकस-व्हिजिबल’ वापरून जाड हिरवी आउटलाइन परत आणली, म्हणजे आपण कोणत्या रकान्यात आहोत ते लांबूनही दिसतं. चुकीच्या नोंदीला लाल बॉर्डर आहेच, पण लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं असतात, म्हणून खाली ‘तारीख पुढची आहे’ असं साध्या शब्दांतही लिहिलं. क्रोमने आपणहून भरलेल्या रकान्याची पार्श्वभूमी वेगळ्याच रंगाची होते आणि बॅकग्राउंड-कलर देऊन ती जात नाही. तिथे इनसेट बॉक्स-शॅडो, म्हणजे रकान्याच्या आतली सावली, पांढरी करावी लागते.

प्रमाणाच्या रकान्याने वेगळा विचार करायला लावला. त्याचा टाइप ‘नंबर’ ठेवला तर ब्राउझर सहसा फक्त 0 ते 9 हे इंग्रजी आकडे धरतो. मराठी कीबोर्डवरून कोणी ‘२.५’ टाकलं तर ते मूल्य म्हणून बहुतेकदा हाती येतच नाही. शिवाय लॅपटॉपवर उजवीकडे दिसणारे, आकडा कमी-जास्त करणारे बारीक बाण चुकून दाबले गेले, तर औषधाचं प्रमाणच बदलायचं. मी टाइप ‘टेक्स्ट’ केला, आकड्यांचा कीबोर्ड उघडावा म्हणून इनपुटमोड ‘डेसिमल’ दिला आणि देवनागरी आकडे सेव्ह करताना कोडमध्ये बदलून घेतले. काकांना दिसताना मात्र ‘२.५’च दिसतं.

शेऱ्याचा रकाना अजून मनासारखा झालेला नाही. ‘फवारणीनंतर अर्ध्या तासात पाऊस, परत मारावी लागेल’ एवढं लिहिलं की पहिली ओळ वर सरकून दिसेनाशी होते. ‘फील्ड-सायझिंग: कंटेंट’ दिलं की मजकुराबरोबर रकाना वाढतो, पण ही सोय क्रोममध्ये २०२४ साली आली आणि गटातल्या बऱ्याच जणांचे मोबाइल जुने आहेत. त्यांच्यासाठी सध्या चार ओळींची किमान उंची ठेवली आहे.